नाकाच्या शेंड्याचं ऑपरेशन : आपल्याकडच्या कुणी केलंय का?

सुरंगी
१४ सप्टेंबर, रात्री १०.२०

नमस्कार. मी कुडाळजवळची, वय २७. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

माझं नाक वाकडं नाही. दांडी सरळ आहे, श्वासाचा त्रास नाही. शेंडा तेवढा गोल आणि जाड. शाळेत मला 'बोंडू' म्हणायचे, म्हणजे काजूचं फळ. मे महिन्यात काजी गोळा करायला गेलो की कुणीतरी एक पिकलेला बोंडू माझ्या नाकाशी धरणारच. आता कुणी काही म्हणत नाही. पण फोटो काढायचा म्हटलं की माझी मान आपोआप डावीकडे वळते. लग्न ठरलंय, फेब्रुवारीत. होणाऱ्या नवऱ्याने नाकाबद्दल चकार शब्द काढलेला नाही, हे मला माझ्यासाठीच हवंय.

गेल्या महिन्यात एका शहरात जाऊन दाखवून आले. डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं, "शेंड्याची जादा कूर्चा कापून टाकू, आठ दिवसांत ऑफिसला जाल, लग्नात नवं नाक." (कूर्चा म्हणजे नाकातला हाडापेक्षा मऊ, वाकणारा भाग.) माझ्याच फोटोला टोकदार नाक लावून दाखवलं. नाक छान होतं, पण चेहरा माझा वाटेना. घटस्थापनेच्या आत अॅडव्हान्स भरला तर सवलत आहे म्हणे. तेव्हापासून झोप नाही.

खरंच आठ दिवसांत होतं का? लग्नात आजीची नथ घालता येईल का? कुणी केलं असेल तर जे झालं ते तसंच सांगा.


नाखवा_देवगड
१४ सप्टेंबर, रात्री ११.०५

बाय, राग मानू नकोस, मी तुझ्या बापाच्या वयाचा आहे. देवाने दिलेलं धडधाकट नाक, श्वास नीट चालतो, त्यावर सुरी कशाला? चिडवणाऱ्यांची तोंडं वाकडी होती, तुझं नाक नव्हे.


कातळफूल
१५ सप्टेंबर, सकाळी ७.१५

सुरंगी, सगळ्यात आधी : अॅडव्हान्स भरू नकोस. फेब्रुवारीच्या लग्नासाठी तर मुळीच नको.

मी रत्नागिरीची. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात केलं, तुझ्यासारखाच जाड शेंडा. ऑपरेशनआधी दोनदा आंबा घाट चढून गेले, कारण पहिल्या भेटीत माझ्या सर्जननी तारीख द्यायला नकारच दिला. "घरी जा, विचार करा, प्रश्न लिहून आणा," म्हणाले. तेव्हा वैतागले होते, आज त्यांचे आभार मानते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावलं. नाकाच्या वरच्या भागात हाड असतं, पण शेंड्यात हाड नाही. तिथे दोन वाकलेल्या कूर्चा असतात, उजवी आणि डावी. प्रत्येकीचा एक भाग नाकपुडीच्या कडेने वर जातो, दुसरा मधल्या खांबातून खाली उतरतो. मधले दोन भाग मिळून एक पाय, बाजूचे दोन पाय, अशी ही तिवई. अँडरसन नावाच्या अमेरिकन सर्जननी ही तिवईची कल्पना १९६९ मध्ये मांडली आणि अजून तीच शिकवतात. बाजूचे पाय आखूड केले की शेंडा वर उचलतो, मधला पाय कमजोर झाला की शेंडा खाली झुकतो. एका पायाला हात लावला की बाकीचे दोन हलतातच. हे कळल्यावर 'जादा कूर्चा कापून टाकू' या वाक्याची मला धास्ती वाटायला लागली.

माझं पूर्ण भूल देऊन झालं, दोन तास लागले. दोन नाकपुड्यांच्या मधल्या खांबावर बारीक छेद घेऊन कातडी वर उचलली. याला ओपन पद्धत म्हणतात. क्लोज्ड पद्धतीत सगळे छेद नाकाच्या आत असतात, पण शेंड्याचं बारीक काम असलं की बरेच सर्जन ओपन पसंत करतात, कारण दोन्ही बाजू समोर दिसतात. तो व्रण आता मलाच आरशात शोधावा लागतो. दोन नाकपुड्या वेगळ्या करणाऱ्या आतल्या पडद्यातून कूर्चेची एक पट्टी काढून मधल्या खांबात आधाराला बसवली आणि दोन्ही कमानी टाक्यांनी अरुंद करून एकमेकींजवळ आणल्या. कापलं ते अगदी थोडं.

आता त्यानंतरचं. मी आठ दिवस कोल्हापुरात मावशीकडे राहिले, हे फार महत्त्वाचं आहे. दुखलं कमी, पण तोंडाने श्वास घ्यावा लागल्याने घसा कोरडा पडायचा, झोप तुकड्यातुकड्यांत. दोन उशा, मऊ भात, कोमट पाणी. वास तर गेलाच होता. तिसऱ्या आठवड्यात घरी शेजारणीने बांगडे तळले आणि मला वास आला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

सातव्या दिवशी टाके आणि पट्टी निघाली. आरशात बघितलं तर नाक आधीपेक्षा जाड आणि वर उचललेलं. मावशीसमोर रडले नाही, बाथरूममध्ये जाऊन रडले. सर्जननी आधी दोनदा बजावलं होतं की असंच दिसणार, तरी रडले. डोळ्यांखालचं काळंनिळं दहा-बारा दिवसांत गेलं. दीड महिन्यानंतर अनोळखी माणसाला काही कळलं नसतं, मला मात्र कळत होतं. रात्री सुकं खारं खाल्लं की सकाळी शेंडा जड, फुगलेला. शेंड्याला चार महिने स्पर्शच नव्हता, मोगरा नाकाला टेकला तरी कळायचं नाही. खरा आकार दिसायला वर्ष लागलं. कातडी जाड असेल तर सूज दीड वर्षसुद्धा रेंगाळते. म्हणून म्हणते, पाच महिन्यांवरच्या लग्नासाठी नको. लग्नाच्या अल्बममध्ये ना जुनं नाक दिसेल ना नवं.

आणि आपल्या हवेचं : मला रात्री शेंड्यावर चिकटपट्टी लावून झोपायला सांगितलं होतं. माझी चूक ही की मी एप्रिलमध्ये केलं. रत्नागिरीचा मे महिना, घामाने पट्टी मध्यरात्री गालावर आलेली असायची. जमलं तर दिवाळीनंतर कर, थंडी असते. पावसात सर्दी-पडशाचा घोळ, आणि नाक शिंकरायला तर कित्येक आठवडे बंदी.

नथीचं नंतर लिहिते, शाळेला जायचंय.


ओटीतली_ताई
१५ सप्टेंबर, दुपारी ३.४०

मी सतरा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, त्यातली नऊ प्लास्टिक सर्जरीच्या टेबलावर. कातळफूल यांनी छान लिहिलंय. त्यात थोडी भर घालते.

जुन्या काळी शेंडा बारीक करायचा म्हणजे कूर्चा कापायची. कापल्यावर टेबलावर नाक सुंदर दिसायचं. पण कातडी ही कौलांसारखी असते आणि कूर्चा म्हणजे खालचे वासे. वासे तासून बारीक केले तर कौलं त्या दिवशी पडत नाहीत, दोन-चार पावसाळ्यांनी बसतात. व्रण आकसत जातो, शेंडा चिमटीत धरल्यासारखा होतो, नाकपुडीची कड वर ओढली जाते, श्वास घेताना पुडी आत चिकटते. म्हणून आता भर टाक्यांवर आणि आधारावर आहे. बाजूच्या कूर्चेची वरची कड थोडी काढतात, पण साधारण ६ ते ७ मिलिमीटरची अखंड पट्टी मागे ठेवावीच लागते. पडद्यातून कूर्चा घेतली तरी पुढे आणि वर किमान १ सेंटिमीटरची चौकट राहिली पाहिजे, नाहीतर दांडी खचते.

सुरंगी, डॉक्टरांना 'किती कापणार' विचारू नकोस, 'किती ठेवणार' विचार. उत्तर देणारा माणूस ओळखू येतो.

दुसरं, जाड कातडी. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या शेंड्याची कातडी जाड आणि तेलकट असते. तिच्याखाली कूर्चा कितीही बारीक केली तरी वर ती कोरीव दिसत नाही, उलट रिकाम्या जागेत व्रण भरतो आणि शेंड्याच्या वर फुगवटा येतो. अशा नाकाला आतून मजबूत आधार देऊन कातडी ताणावी लागते. चाफेकळीचं नाक प्रत्येक कातडीतून निघत नाही, आणि हे तोंडावर सांगणारा सर्जन चांगला समजा.

तिसरं, सेल्फी. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सर्जननी हिशेबाने दाखवलं की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा पाया, ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. हातातल्या मोबाइलवर बघून नाकाचा निर्णय करू नका. कुणाला तरी पाच-सहा फुटांवर उभं करून, झूम करून समोरून, बाजूने आणि खालून फोटो काढा.

डॉक्टर निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का, किंवा कान-नाक-घशाचे असतील तर नाकाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेचं वेगळं प्रशिक्षण आहे का, ते विचारा. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. फोटो मागा, पण महिन्याभराचे नकोत, वर्षाचे. आणि तुमच्यासारख्या जाड शेंड्यांचे.

पैशांचं : केवळ रूप बदलण्यासाठी असेल तर विमा मिळत नाही, वर १८ टक्के जीएसटी लागतो. अॅस्पिरिनसारख्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, रक्त थांबत नाही. पण दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नका. तंबाखू, विडी-सिगारेट ऑपरेशनच्या महिनाभर आधीपासून पूर्ण बंद, नाहीतर कातडीला रक्त पुरत नाही.


परत_एकदा
१५ सप्टेंबर, रात्री ९.५०

ताईंनी लिहिलं ते माझ्यावर झालंय, म्हणून लिहितो. मी चिपळूणचा, वय ३४. सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात केलं. तेव्हा तेच वाक्य ऐकलं होतं : जादा आहे ते काढून टाकू. पहिलं वर्ष मी खूश होतो, लोक विचारायचे, नाक एवढं रेखीव कसं झालं? दुसऱ्या वर्षी शेंड्यावर दोन टोकं दिसायला लागली, कातडीखाली गाठी असाव्यात तशी. तिसऱ्या वर्षी घरामागची घाटी चढताना जोरात श्वास घेतला की उजवी नाकपुडी बंद व्हायची. रात्री तोंड उघडं ठेवून झोपायचो. बायको म्हणायची, तुमचं पूर्वीचं नाक मला आवडायचं. ती हे टोचून म्हणत नव्हती, त्यामुळे जास्त लागायचं.

ज्यांनी केलं त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, तुमची कातडीच तशी. मग मुंबईत दुसऱ्या सर्जनना दाखवलं. त्यांनी पूर्वीचे कागद मागितले, तर माझ्याकडे ऑपरेशन नोटची प्रतसुद्धा नव्हती. मागून ठेवा, सगळ्यांना हात जोडून सांगतो. आत काय काढलं, काय ठेवलं, हे दुसऱ्याला कळायला तोच एक कागद असतो.

दुसरं ऑपरेशन चार तास चाललं. पडद्यात कूर्चा शिल्लक नव्हती, म्हणून कानाच्या वाटीतून घेतली. ती पुरली नसती तर बरगडीची घ्यावी लागणार होती. आता श्वास येतो. दिसायला बरं आहे, पण पहिल्यासारखं नाही, तसं होणारही नाही असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. सुरंगी, तुला घाबरवायचं नाही. दहा मिनिटं आणि सवलत, एवढ्यावर जाऊ नकोस.


सुरंगी
१६ सप्टेंबर, सकाळी ६.३०

रात्री सगळं दोनदा वाचलं. दादा, तुमचं वाचून आईला उठवून दाखवलं. अॅडव्हान्स भरत नाही, हे नक्की.

एक मैत्रीण म्हणते, सुरी नको तर इंजेक्शनने नाक करून मिळतं, अर्ध्या तासात. ते लग्नापुरतं करून घेऊ का?


ओटीतली_ताई
१६ सप्टेंबर, दुपारी २.१०

नको गं. ते इंजेक्शन फिलरचं, आणि फिलर म्हणजे भर घालणं. बसकी दांडी वर दिसावी म्हणून घालतात. तुझा शेंडा आधीच भरलेला आहे, त्यात भर घालून तो बारीक कसा होईल? शिवाय नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याकडच्या वाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून वाहिनीत गेला तर कातडी काळी पडते, क्वचित दृष्टी जाते. क्वचित, पण गेली की बहुधा परत येत नाही.


पाणबुड्या_तारकर्ली
१६ सप्टेंबर, रात्री ८.२५

विषय थोडा वेगळा, क्षमस्व. मी पर्यटकांना स्कुबासाठी पाण्याखाली नेतो. चार दिवसांपूर्वी बोटीची कड नाकावर बसली. रक्त थांबलंय, सूज उतरतेय, पण नाक डावीकडे गेल्यासारखं वाटतं. हंगाम तोंडावर आहे. सूज गेल्यावर दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल?


ओटीतली_ताई
१६ सप्टेंबर, रात्री ८.४०

उद्याच दाखवा! मोडलेलं हाड साधारण एक ते दोन आठवड्यांत जुळायला लागतं. त्याच्या आत ते जागेवर बसवणं सोपं असतं. नंतर पुन्हा मोडून बसवावं लागतं. आतल्या पडद्यावर रक्ताची गाठ झाली नाही ना, तेही बघू दे. नाक दोन्ही बाजूंनी बंद वाटत असेल किंवा दुखणं वाढत असेल तर उद्याचीही वाट बघू नका, आत्ता निघा. तिथे पू झाला तर कूर्चा विरघळते.

पाण्यात तर जाऊच नका. खाली उतरताना तुम्ही नाक दाबून हवा कानात सोडता, ते या नाकाला झेपणार नाही. मास्कचा दाब वेगळाच. अपघाताचं असल्याने विम्यात बसू शकतं, कागद सगळे ठेवा.


पाणबुड्या_तारकर्ली
१७ सप्टेंबर, संध्याकाळी ६.००

आज सकाळीच गेलो. हाड सरकलंय, परवा भूल देऊन बसवणार. गाठ नाही. ताई, उपकार झाले.


जुनी_वही
१७ सप्टेंबर, रात्री १०.३०

नाखवांना नम्रपणे काही सांगायचं आहे. नाकावर सुरी ही परदेशातून आलेली चैन नाही. सुश्रुतांनी गालाची कातडी वळवून नाक करायची रीत लिहून ठेवली आहे. आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. त्यातला माणूस आपलाच, कावसजी नावाचा मराठा, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. तो वर्षभर नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने, जो वीटा-मडकी करणाऱ्या जातीतला होता, त्याच्या कपाळाची कातडी उलटवून नवं नाक बसवलं. हे वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तसं ऑपरेशन केलं आणि तिथून ही विद्या युरोपभर गेली. कपाळाच्या कातडीची ती पद्धत आजही वापरात आहे.

कावसजीचं नाक कापलं होतं आणि सुरंगीचं शाबूत आहे, हे मला कळतं. पण श्वास तर कावसजी वर्षभर नाकाविनाही घेतच होता. त्याला नाक हवं होतं ते माणसांत मान वर करून जाण्यासाठी. आपली भाषाच बघा. नाक कापलं, नाक राहिलं, नाक वर करून चालला. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' हे आपण मुलींसमोर हसत म्हणत आलो. एवढं सगळं नाकावर लादून झाल्यावर, नाकाकडे लक्ष देऊ नकोस असं मुलीला सांगणं मला योग्य वाटत नाही.


नाखवा_देवगड
१८ सप्टेंबर, सकाळी ५.५०

वाचलं. ती म्हण माझ्या घरात माझ्या बहिणीला उद्देशून म्हटली गेली आहे, मीही म्हटली आहे. तिचं लग्न उशिरा झालं. ती कधी काही बोलली नाही. काल रात्री तिला फोन केला. सुरंगी, तुझं तू ठरव, पण घाईत ठरवू नकोस.


आबोली_गुहागर
१८ सप्टेंबर, दुपारी १.००

माझी मुलगी १४ वर्षांची आहे, तीही मागे लागली आहे. या वयात करतात का?


कातळफूल
१८ सप्टेंबर, संध्याकाळी ७.४५

आबोली, नाही. नाक अजून वाढतंय. मुलींचं साधारण १५-१६ पर्यंत, मुलांचं १७-१८ पर्यंत वाढतं. त्यानंतरही तिची इच्छा टिकली तर बघा. शाळेत तिला कोण काय म्हणतं, ते मात्र आजच विचारा. आणि ती तासन्‌तास आरशापुढे असेल, नाकापायी घराबाहेर पडणं टाळत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटवा. तसा आजार असतो, त्यात ऑपरेशन चांगलं झालं तरी मनाला पटत नाही.

सुरंगी, नथीचं राहिलं होतं. मला ऑपरेशनआधी चमकी काढायला लावली. सहा आठवडे नाकात काही नाही, जड नथ सहा महिन्यांनी. तुझ्या सर्जनना तुझं वेगळं विचार, छिद्र कुठे आहे त्यावर अवलंबून असतं.


सुरंगी
२० डिसेंबर, रात्री ९.१५

बरेच दिवसांनी आले. मधल्या काळात दोन ठिकाणी दाखवलं. दुसऱ्या सर्जननी शेंडा बोटाने दाबून बघितला, सोडल्यावर कसा परत येतो ते पाहिलं, श्वास तपासला, फोटो काढले. 'किती ठेवणार' विचारलं तर कागद ओढून आकडा लिहिला, सात मिलिमीटर, आणि म्हणाले, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी या धाग्याचं सांगितलं. लग्नाआधी करणार नाही म्हणाले. तुमचा शेंडा थोडा अरुंद होईल, टोकदार होणार नाही, बोंडूचा करवंद होईल असं समजू नका. बोंडू हा शब्द मीच त्यांना सांगितला होता. होणाऱ्या नवऱ्याशी हे सगळं बोलले. तो म्हणाला, "तू जाशील तेव्हा आठ दिवसांची रजा काढून मी येतो."


सुरंगी
पुढच्या वर्षीचा २९ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

आजच पट्टी आणि टाके निघाले. आठवा दिवस. पडद्याच्या कूर्चेचा आधार घातलाय, ऑपरेशन नोटची प्रत पिशवीत आहे. कातळफूल, नाक अगदी तुम्ही लिहिलं होतं तसंच दिसतंय, जाड आणि वर उचललेलं. माहीत असूनही रडले. मग तुमचा तो परिच्छेद उघडून नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावला. उद्या सकाळी घरी निघतोय, गाडी सावकाश हाकायला सांगितलंय. घाटात धक्क्यांचा त्रास झाला होता का तुम्हाला? मान टेकायला काय घेतलं होतं?


कातळफूल
२९ नोव्हेंबर, दुपारी ४.५०

गळ्याभोवतीची उशी घे, आणि पुढच्या सीटवर बस. पट्टा मात्र लाव. थांबत थांबत ये, खाली वाकून काही उचलू नकोस, पिशव्या त्याला घेऊ दे. घरी पोचलीस की इथे लिही.